म्योबेल: जर्मन लोक फर्निचरला 'जंगम' का म्हणतात?

राईनकाठ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला धागा आज काढतोय. जर्मनमध्ये फर्निचरला म्योबेल म्हणतात (ओठांचा चंबू करून 'ए' म्हणायचा असा तो स्वर आहे, देवनागरीत नीट बसत नाही, चालवून घ्या). एक खुर्ची किंवा एक टेबल म्हणायचं असेल तर सहसा म्योबेलश्ट्युक म्हणतात, नुसतं म्योबेल म्हटलं की बहुतेक वेळा सगळं सामान मिळून.

आता हा शब्द आला कुठून तर लॅटिन मोबिलिस, म्हणजे हलणारं, हलवता येणारं. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये त्यावरून मोबिले म्हणजे हलवता येणारी मालमत्ता, तिथून फ्रेंचमध्ये मब्ल, आणि फ्रेंचमधून 17व्या शतकात जर्मनमध्ये. म्हणजे मुळात हा सुताराचा शब्दच नाही, तो वाटणीपत्राचा आणि मृत्युपत्राचा शब्द आहे! आपण 'स्थावर-जंगम मालमत्ता' म्हणतो ना, त्यातलं जंगम म्हणजे म्योबेल. आणि जोडीतला दुसराही जर्मनमध्ये जिवंत आहे, इमोबिलिए म्हणजे घर-जमीन, इथल्या प्रत्येक इस्टेट एजंटच्या पाटीवर तो असतो. रोज दोन्ही शब्द बोलणाऱ्या माणसाला ते एकाच घरचे आहेत हे बऱ्याचदा जाणवतही नाही, पण एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

इंग्रजीने वेगळाच रस्ता धरला. फर्निचर हा शब्दही फ्रेंचच, फुर्निच्युर, पण त्याचा अर्थ पुरवठा, पुरवलेल्या वस्तू. म्हणजे इंग्रजांच्या लेखी फर्निचर म्हणजे घरात भरलेली गोष्ट आणि युरोपातल्या बऱ्याच लोकांच्या लेखी घरातून काढून नेता येणारी गोष्ट. डच मब्बल, डॅनिश आणि स्वीडिश म्योबेल, पोलिश मेब्ले, रशियन मेबेल, तुर्की मोबिल्या, सगळे एकाच लॅटिन मुळाचे. इंडोनेशियात डचांमुळे मेबेल पोचला. आपल्याकडे इंग्रज आले म्हणून फर्निचर.

हे असं का झालं असावं याचा थोडा अंदाज इतिहासात डोकावलं की येतो. मध्ययुगात जर्मन राजाला पक्की राजधानीच नव्हती. राजा आणि त्याचा दरबार आखनहून इंगेलहाइम, तिथून गोस्लार असे एका राजवाड्यातून दुसऱ्यात सतत फिरत असायचे, एका ठिकाणचं धान्य संपलं की पुढे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं सगळं. वाडा तिथेच राहायचा आणि पेट्या, भिंतीवरचे पडदे, घडीच्या खुर्च्या गाड्यांवर चढायच्या. त्या काळचं मुख्य फर्निचर म्हणजे ट्रूहे, आपली लाकडी पेटी, कपडे तिच्यात, दागिने तिच्यात, दिवसा तिच्यावरच बसायचं. बऱ्याच पेट्यांना उचलायला कड्या असतात, म्युझियममध्ये गेलात तर मुद्दाम बघा.

आणि घडीच्या खुर्चीवरून आठवलं, हा माझा सगळ्यात आवडता प्रवास आहे. जुन्या फ्रँकिश बोलीत घडीच्या आसनाला फाल्दिस्तोल किंवा तसं काहीसं म्हणायचे (फाल्ट म्हणजे घडी, श्टूल म्हणजे खुर्ची), तो शब्द फ्रेंचमध्ये गेला, झिजत झिजत फोतय झाला, अर्थ बदलून हातांची गुबगुबीत खुर्ची झाला, आणि कैक शतकांनी तोच जर्मन भाषेत फ्रेंच पाहुणा म्हणून परत आला.

तुमच्याकडचे असे शब्द, माहिती, आक्षेप, सगळं येऊ द्या.

---

मृण्मयी_व्हिएन्ना

फोतय!! अहो तो इथे व्हिएन्नात रोजच्या वापरात आहे. आमच्याकडे झेसेल म्हणजे साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि आरामखुर्ची ती फोतय. जर्मनीत मात्र झेसेल म्हणजे आरामखुर्ची आणि साधी खुर्ची ती श्टूल. माझ्या ऑफिसात हॅम्बर्गची एक मुलगी आली, तिला कोणीतरी सांगितलं मीटिंगला बारा झेसेल लागतील, तिला वाटलं एवढे सोफे कुठे ठेवणार.

कपाटाचंही तेच. जर्मनीत श्रांक, इथे कास्टन. फ्रिजला ते क्युलश्रांक म्हणतात म्हणजे थंड कपाट, इथली म्हातारी माणसं आइसकास्टन म्हणतात, बर्फाची पेटी. बर्फाच्या लाद्या घालायचे तेव्हापासूनचा शब्द, लाद्या गेल्या, शब्द राहिला.

---

कोकणकडा

वाचतोय. जंगमवाला मुद्दा फार आवडला.

---

सुतारपक्षी

छान धागा. माझं काम लाकडाचंच आहे त्यामुळे थोडी भर घालतो. शब्द फ्रेंचांकडून जर्मनांकडे गेला हे बरोबर पण माणसं उलट्या दिशेने गेली हे इथे यायलाच हवं. 18व्या शतकात पॅरिसमध्ये राजाचं फर्निचर करणारे जे नावाजलेले कारागीर होते त्यातले कितीतरी जर्मन मुलखातून पोटासाठी आलेले होते. व्हर्सायला पंधराव्या लुईचं जे गोल झाकणाचं भलंमोठं लिहायचं टेबल आहे ते 1760 मध्ये ओएबेनने सुरू केलं, तो वारला, आणि त्याच्याच कारखान्यातल्या रीझनरने 1769 मध्ये ते पुरं केलं. दोघंही जर्मन. रीझनर तर ग्लाडबेकचा, म्हणजे पुढे जो रूर भागातल्या कोळशाच्या खाणींचा पट्टा म्हणून ओळखला गेला तिथला. लाकडाच्या पातळ विनियरने फुलांची जडवणी केलेली आहे, फोटो मोठा करून बघा, पाकळीची सावली दाखवायला लाकूड गरम वाळूत भाजून कडेला काळं करायचे.

दुसरा डेव्हिड रॉन्टगेन, हा मात्र पॅरिसला स्थायिक झाला नाही. राईनकाठच्या नॉयवीडच्या कारखान्यातून त्याने सोळाव्या लुईला माल विकला, प्रशियाच्या राजाला विकला, रशियाच्या राणी कॅथरीनला विकला. किल्ली फिरवली की कप्पे आपोआप बाहेर येतात, संगीत वाजतं, लिहायचा फळा सरकत पुढे येतो. एवढं अवजड आणि नाजूक सामान नॉयवीडहून सेंट पीटर्सबर्गला न्यायचं म्हणजे ते सुटं करता येईल असंच बांधावं लागणार. म्हणून मला वाटतं म्योबेल हा शब्द शोभतो तो त्या सामानाला. हलवता येणं हा त्या कामाचाच भाग होता.

अजून एक, सुताराला जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. उत्तरेला टिशलर, दक्षिणेला आणि पश्चिमेला श्रायनर. टिशलर हा टिश म्हणजे टेबलावरून. श्रायनर हा श्राइनवरून, म्हणजे पेटी, लॅटिनमधली स्क्रिनियुम, कागदपत्रं ठेवायची पेटी. एक टेबलवाला, एक पेटीवाला, काम एकच.

---

राईनकाठ

@सुतारपक्षी, वाळूत भाजण्याचं माहीत नव्हतं, सुंदर!

टिशची गंमत अजून पुढे आहे. तो लॅटिन डिस्कुसवरून, म्हणजे चकती, थाळी. इंग्रजीतली डिश, डिस्क आणि डेस्क ही त्याचीच भावंडं. जुन्या काळी प्रत्येकापुढे छोटी फळीवजा थाळी मांडायचे, तीच मांडणी पुढे टेबल झाली असं सांगतात.

आता श्रांकबद्दल लिहितो, कारण आपल्या कपाटाशी त्याची जी जोडी जमते ती मला फार म्हणजे फारच महत्त्वाची वाटते. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, कवाड. मराठीत तोच शब्द सरकत सरकत आख्ख्या वस्तूला लागला. जर्मनमध्ये श्रांक हा मुळात अडसर, कुंपण, जाळीने बंद केलेली जागा. श्रांके म्हणजे आजही रेल्वे फाटकाचा दांडा. त्यातूनच आइनश्रेंकन म्हणजे मर्यादा घालणं आणि फरश्रेंकन म्हणजे हाताची घडी घालणं. दोन भाषा, एकमेकींशी काही देणंघेणं नाही, आणि दोघींनीही या वस्तूला नाव दिलं ते आत काय आहे त्यावरून नाही, आत जायला जे आडवं येतं त्यावरून. उघड्या फळीवर ठेवलेलं सगळ्यांचं आणि दारामागचं माझं, कपाट आलं की घरात पहिल्यांदा ही रेघ पडते.

आणि अलमारी आपल्याकडे पोर्तुगीज आर्मारियोवरून आली, लॅटिन आर्मारियुम, शस्त्रं ठेवायची जागा. तोच शब्द जर्मनच्या दक्षिणेकडच्या बोलींत आल्मर म्हणून शिल्लक आहे. आल्मर आणि अलमारी शेजारी ठेवून बघा.

---

दर्यावर्दी

श्रांकचा विषय निघालाच आहे तर आउग्सबुर्गच्या कुन्स्टश्रांकबद्दल (म्हणजे कलेचं कपाट) कोणीतरी लिहायलाच हवं. 17व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे फिलिप हाइनहोफर नावाचा व्यापारी होता, तो कित्येक कारागिरांकडून मिळून एकेक कपाट करवून घ्यायचा, त्यात शंख, रत्नं, घड्याळं, औषधं, खेळ, जगभरातल्या चिजा. 1632 मध्ये आउग्सबुर्ग शहराने असं एक कपाट स्वीडनचा राजा गुस्टाव आडोल्फला नजर केलं, ते आज उप्सालाच्या विद्यापीठात आहे. त्याच्या अगदी शिरावर काय बसवलंय माहितीये? दर्याचा नारळ! आपल्याकडे साधूंचे कमंडलू करतात तो, आणि मुलांना उगाळून देतात तो. त्या काळी हे झाड कुठे उगवतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मालदीव आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला वाहत येणारी फळं तेवढी सापडायची, समुद्राच्या तळाशी झाड आहे असं लोक मानायचे. झाड सेशेल्समध्ये आहे हे कळलं 18व्या शतकात. माझ्या आजीच्या सहाणेवरचा तो काळा तुकडा आणि स्वीडनच्या राजाच्या कपाटावरचं शिखर एकच आहे हे कळलं तेव्हा मी दिवसभर घरात प्रत्येकाला सांगत फिरलो.

---

वकीलीणबाई_सांगली

राईनकाठ, लेख आवडला. कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, म्योबेल यायच्या आधी जर्मनमध्ये या अर्थाला स्वतःचा शब्द होताच. फार्निस. फारन म्हणजे जाणं, प्रवास करणं, त्यावरून. म्हणजे आपल्या जंगमसारखाच, तोही गम् म्हणजे जाणं यावरून. स्विस नागरी कायद्यात जंगम मालमत्तेच्या हक्काला आजही फार्निस हाच शब्द आहे. आणि जुनी एक जर्मन कायद्याची म्हण आहे, मशाल जे खाऊन टाकते ते फार्निस. म्हणजे जळून जाईल ते सगळं जंगम, आणि यात लाकडी घरही येतं! आजच्या वकिलाला हे विचित्र वाटेल पण लाकडाच्या चौकटीची घरं सोडवून दुसरीकडे उभी करता यायची, त्यामुळे त्या लोकांना त्यात काही वावगं वाटलं नसणार. स्थावर म्हणजे खरी फक्त जमीन.

दोन, गोवा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात मालमत्तेचे दोन भाग आहेत, मोव्हेइश आणि इमोव्हेइश, आणि पोर्तुगीजमध्ये फर्निचरलाही मोव्हेइशच म्हणतात. त्या कायद्याचा काही भाग गोव्यात आजही चालतो. तेव्हा म्योबेलचा हा सख्खा भाऊ आपल्या शेजारीच नांदतोय.

आणि आपल्याकडे वीरशैव परंपरेतले जंगम, आमच्या भागात घरोघरी ओळखीचे, त्यांचंही नाव एका जागी न थांबता फिरण्यावरूनच.

---

ठाणेकर_पक्का

सगळं वाचलं, माहिती भरपूर आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. म्योबेल म्हणताना कुठल्या जर्मनाच्या डोक्यात मोबिलिस असतं? आपण कपाट म्हणताना दाराचा विचार करतो का? शब्दाच्या मुळात जे होतं ते आजच्या बोलणाऱ्याच्या मनात असतं असं धरून चालणं धोक्याचं आहे. शब्द आले आणि रुळले, एवढंच. त्यातून जर्मन स्वभाव वगैरे शोधायला जाऊ नये.

---

राईनकाठ

@ठाणेकर_पक्का, स्वभाव मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. डोक्यात मोबिलिस नसतं हेही मान्य. पण व्यवहारात ती विभागणी जर्मनीत इतकी जागी आहे की मला ती सोडून देववत नाही. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या.

इथे भाड्याने घर घ्यायला गेलात तर पुष्कळदा किचनच नसतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून पाण्याचे पाइप आणि वायर बाहेर आलेले असतात, बाकी काही नाही. ना ओटा, ना सिंक, ना शेगडी. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचकटून घेऊन गेलेला असतो. किंवा मग तो तुम्हाला विचारतो की माझं किचन विकत घेता का, आणि त्याची घासाघीस घराच्या भाड्यापेक्षा जास्त चालते. नवीन आलेली मराठी कुटुंबं इथे हमखास अडखळतात, कारण आपल्या कल्पनेत ओटा म्हणजे घराच्या भिंतीइतकाच स्थावर! आमच्या गटात दर वर्षी कोणीतरी रिकाम्या खोलीचा फोटो टाकून विचारतंच की घरमालकाने फसवलं का. नाही, इथे तसंच असतं.

गंमत म्हणजे फिट केलेल्या आधुनिक किचनची सुरुवातही जर्मनीतच. मार्गारेटं श्युट्टं-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं, साधारण 10,000 घरांत बसवलं गेलं. बाई उभ्या उभ्या किती पावलं टाकतात हे मोजून, रेल्वेच्या डायनिंग कारचं छोटं किचन डोळ्यापुढे ठेवून. तिथे ते घरासोबतच यायचं, भाड्यात धरलेलं. म्हणजे ज्या देशाने किचन भिंतीला बसवलं त्याच देशातले लोक आज ते ट्रकमध्ये घालून नेतात.

माझं म्हणणं इतकंच की शब्दाने ही रीत घडवली नाही. पण निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात त्या देशात 'काय माझ्याबरोबर येणार आणि काय इथेच राहणार' हा प्रश्न प्रत्येकाच्या आयुष्यात येतोच, म्हणून शब्दाच्या पोटातला तो जुना अर्थ तिथे वाळून गेलेला नाही.

---

मृण्मयी_व्हिएन्ना

पण मग राईनकाठ, स्वित्झर्लंडचं काय? माझी बहीण झुरिकला आहे, तिथे तर जर्मनीहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि प्रत्येक घरात किचन आधीच असतं, घरमालकाचं. भाषा तीच, शब्द तोच, भाडेकरू जास्त, तरी किचन जागेवर. तेव्हा तुमचं कारण पुरत नाही असं मला वाटतं.

---

वकीलीणबाई_सांगली

मृण्मयीताईंचा मुद्दा बिनतोड आहे. आणि जर्मनीतही एकमत नाही हं. 1900 मध्ये लागू झालेल्या त्यांच्या नागरी कायद्यात जमिनीला पक्कं जोडलेलं ते जमिनीचा भाग, पण तात्पुरत्या कामासाठी जोडलेलं असेल तर नाही, आणि घरासोबत जाणारी उपयोगाची वस्तू कुठली हे त्या भागातले लोक व्यवहारात काय समजतात त्यावर ठरतं. त्यामुळे बसवलेलं किचन घराचं की माणसाचं यावर कोर्टात भांडणं झाली आहेत आणि वेगवेगळ्या प्रांतांत निकाल वेगवेगळे लागले आहेत. म्हणजे म्योबेल काय आणि काय नाही हे शेवटी गावची रीत ठरवते.

---

राईनकाठ

हे पटलं, रीत भाषेपेक्षा आणि भाड्यापेक्षाही जवळची. झुरिकचं उदाहरण मी यापुढे हा विषय निघाला की सांगणार.

घरगुती सामानाचा विमा विकणारे इथे एक साधी खूण सांगतात. घर उचलून उलटं करा आणि हलवा, खाली पडेल ते हाउसराट, म्हणजे घरसामान, आणि चिकटून राहील ते इमारतीचं. हाउसराट हा म्योबेलच्या आधीपासूनचा जर्मन शब्द, त्यात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं येतं. म्योबेल आल्यावर तो मेला नाही, विम्याच्या कागदावर जाऊन बसला.

---

पानशेत

एक प्रश्न. त्या काळात जर्मनमध्ये शुद्धीकरणवाले नव्हते का? आपल्याकडे दिनांक, महापौर वगैरे करून इंग्रजी-फारसी शब्द हटवले तसं म्योबेलला कोणी हटवायचा प्रयत्न नाही केला?

---

राईनकाठ

@पानशेत, होते की, आणि नेमके त्याच शतकात. 1617 मध्ये वायमारला एक भाषामंडळ स्थापन झालं, फ्रुख्टब्रिंगंडं गेझेलशाफ्ट, फळ देणारी सभा असं नाव. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं, ते 1648 ला संपेपर्यंत देश पार विस्कटून गेला होता आणि सगळी सरदार मंडळी फ्रेंचांचं अनुकरण करण्यात दंग. डामं, ओंकल, टांटं म्हणजे बाई, काका, मावशी हेसुद्धा फ्रेंचमधून आलेले आहेत, नातीही बदलली म्हणा ना! फिलिप फॉन त्सेझन त्या काळातला मोठा शब्द घडवणारा, ॲड्रेसला त्याने दिलेला आनश्रिफ्ट हा शब्द आज प्रत्येक फॉर्मवर आहे. पण म्योबेल टिकला. माझा अंदाज असा की फ्रेंच पद्धतीचं सामानच घरात येत होतं, कोमोडं (खणांचं कपाट), कानापे (सोफा), फोतय, तेव्हा त्या सगळ्याचं सामायिक नावही त्यांच्याच बरोबर आलं आणि बसलं. आणि दिवान! दिवान म्हणजे जर्मनमध्येही बसायचा-लवंडायचा सोफाच, मूळ फारसी. आपल्या हॉलमधला दिवाण आणि त्यांचा दिवान एकच.

---

सुतारपक्षी

हलवता येणाऱ्या फर्निचरचा विषय टोनेटशिवाय पुरा होणार नाही म्हणून परत आलो. मिखाएल टोनेट, 1796 चा जन्म, राईनकाठच्या बोपार्डचा सुतार, म्हणजे राईनकाठ तुमच्याच नदीवरचा. 1842 मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख याच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाला गेला. बीचच्या लाकडाचे दांडे वाफेत मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचे, बाहेरच्या बाजूला पत्र्याची पट्टी आवळायची म्हणजे तंतू फाटत नाहीत. ही पट्टीची युक्ती म्हणजेच सगळं काही, मी स्वतः वाकवून पाहिलंय, पट्टी नसेल तर दांडा बाहेरून चिरफाळतो. 1859 मध्ये त्याची 14 नंबरची खुर्ची आली. लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू, 2 नट. सुट्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, जहाजाने जगभर जायच्या आणि पोचल्यावर जोडायच्या. 1930 पर्यंत 5 कोटी विकल्या गेल्या. कारखाने बीचच्या जंगलाजवळ काढले, मोरावियात, आज तो भाग चेक देशात आहे. 1869 मध्ये त्याचा पेटंटचा हक्क संपल्यावर इतरही कंपन्या तसलंच करायला लागल्या.

मुंबईत इराण्याकडे बन-मस्का खाताना ज्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्यांवर बसतो त्या याच घराण्यातल्या.

---

मृण्मयी_व्हिएन्ना

आणि व्हिएन्नातल्या कॅफेतल्याही याच, अजूनही. नवीन वेताच्या बैठकीसाठी इथे लोक रांग लावून दुरुस्तीला देतात.

---

कोकणकडा

सुतारपक्षी, एक विचारायचं होतं. आमच्या गुहागरच्या घरी अशाच दोन खुर्च्या आहेत, एकीचा मागचा गोल दांडा सांध्यापाशी सुटलाय आणि वेत फाटलाय. गावातला सुतार म्हणतो खिळा मारून देतो. मारू द्यावा का?

---

सुतारपक्षी

खिळा अजिबात मारू देऊ नका, वाकवलेलं लाकूड ताणलेलं असतं, खिळ्याच्या रेषेत उभं फाटेल. बैठकीच्या कडीला खालून मोठा स्क्रू असतो, तो गंजला असेल तर तेल सोडून एक रात्र ठेवा, काढा, नवीन घाला. कडीच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा भाजून उठवलेला शिक्का आहे का तेही बघा आणि फोटो इथे टाका, कारखान्याचं नाव त्यावरूनच कळतं. वेत नंतर, आधी सांगाडा.